माजलेलं सोयाबीन

आमच्या डोणगाव-मेहकरकडे 'माजलं' हा शब्द माणसाला लावला तर भांडण होतं आणि सोयाबीनला लावला तर त्या घरात चार दिवस कोणी धड जेवत नाही. माजलेलं सोयाबीन म्हणजे कमरेच्या वर गेलेलं, काळंभोर हिरवं, पानावर पान चढलेलं सोयाबीन. रस्त्यानं जाणाऱ्याला ते पाहून बरं वाटतं. पण वाकून एक झाड आडवं केलं की खाली नुसता दांडा दिसतो, शेंगा बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्याही चपट्या. झाडानं सगळा जीव पानांत घातलेला असतो. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते इतकं शब्दशः करणारं दुसरं पीक मी पाहिलेलं नाही.

मी मेहकरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे, पेपर जरा जास्तच बारकाईनं वाचते, आणि अधूनमधून त्यात एक बातमी येते: हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आहे, त्यामुळे सोयाबीनसारख्या पिकांचं उत्पादन वाढेल. ही बातमी वाचली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बातमी खोटी असते म्हणून नाही. खोटी असती तर मी चहा पिऊन पुढचं पान उलटलं असतं. ती अर्धी खरी असते, आणि हे अर्धं खरं एकदा मी स्वतः, भर मांडवात, माइकवर सांगितलेलं आहे. ऐकणारी माझी आत्या होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांनी ती सासर सोडून डोणगावजवळच्या आमच्या गावी परत आली. का आली हे तिला कोणी विचारत नसे, कारण विचारलं तर ती सांगायची, आणि सगळं सांगायची. आजोबांनी तिला नाल्याकाठचं चार एकर वावर तोंडी दिलं होतं: कर आणि खा. कागदावर काही नाही. आजोबांमागे सातबारा माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या नावावर चढला. मोठे बाबा दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. पण दर वर्षी चैत्र आला की ते एकदा तरी हसत हसत म्हणायचे, "बाई, वावर ठोक्यानं देऊन टाकू. तुह्या जीवाले आराम." ठोक्यानं म्हणजे ठरावीक रकमेवर वर्षभर दुसऱ्याला कसायला. शेजारचा मोठा बागायतदार त्या चार एकरांवर डोळा ठेवूनच होता.

आत्याचं उत्तर ठरलेलं असे. "मी वावरात हाओ तंवर या घरातली हाओ. वावर गेलं का मी पाव्हणी." यात रडगाणं नव्हतं. ती हिशोबी बाई होती आणि तिला स्वतःची जागा नेमकी ठाऊक होती.

ते दिवस बीटी कपाशीचे होते. बियाण्याचं पाकीट आलं तेव्हा दुकानदारापासून जाहिरातीतल्या नटापर्यंत सगळे एकच सांगत होते की आता अळी लागणार नाही. त्या मोठ्या पाकिटात एक धाकटं पाकीट यायचं. ते कशासाठी हे आमच्याकडे कोणी सांगितलं नाही. दुकानदार म्हणायचा, तेही टाका, वाया कायले घालवता. काही जण फेकून द्यायचे. आत्या काही फेकणाऱ्यातली नव्हती, तिनं जिथं उगवलं नाही तिथं ते बी टोबलं. पुढे काही वर्षांनी गुलाबी अळी आली, वरून धडधाकट दिसणारी बोंडं फोडली की आत किडका, पिवळा पडलेला कापूस निघू लागला, आणि मग मी एकदा ते धाकटं पाकीट हातात घेऊन चष्मा लावून वाचलं. अळीला बीटीच्या विषाची सवय लागू नये म्हणून वावराच्या कडेनं साधी कपाशी ठेवायची असते, तिचं ते बियाणं होतं. लिहिलेलं होतं सगळं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होतं. मी आठवडाभर स्टाफरूममध्ये ज्याला त्याला ते पाकीट दाखवून तावातावानं बोलत होते की लोकांना अर्धं सांगून पूर्ण पैसे घेण्याचा हा कसला धंदा. माझी जीभ तेव्हा फार चालायची.

त्या गुलाबी अळीच्या वर्षानंतर मोठ्या बाबांनी अंगणात बसून सांगितलं, "कपाशीनं दगा देला. आता एक साल पाह्यतो, बाई. यंदा साधलं नाई तर पाडव्यापासून वावर ठोक्यानं." या वेळी ते हसले नाहीत.

वैशाखात डोणगावला शेतकरी मेळावा भरला. मोठा मांडव, पंखे, येणाऱ्या प्रत्येकाला एक टोपी आणि नाश्ता. बियाणं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं भरवला होता. आत्या मला मेहकरहून मुद्दाम घेऊन गेली. "तू चाल. तुले त्यायची भाषा समजते."

बाहेरून आलेले वक्ते गोड बोलणारे होते. पडद्यावर त्यांनी दोन झाडं दाखवली. एक साध्या हवेतलं, एक कार्बन वाढवलेल्या हवेतलं. दुसरं चांगलं हातभर मोठं होतं. ते म्हणाले, कारखान्यांच्या, गाड्यांच्या धुरानं हवेतला कार्बन वाढतो आहे, सगळं जग रडतं आहे, पण सोयाबीनवाल्यांनी रडायचं कारण नाही. कार्बन हे झाडाचं अन्न. हवेतलं हे फुकटचं खत आहे. ते खायला पानं लागतात, म्हणून ओळी जवळ घ्या, एकरी बियाणं वाढवा, आणि मध्ये तुरीचं आंतरपीक घालून जागा अडवू नका. बियाणं वाढवा म्हणताना त्यांनी मागच्या पिशव्यांकडे हात केला, तो माझ्या लक्षात आला होता.

मांडवात कुजबुज सुरू झाली. हवेतलं खत! मागच्या रांगेतून एक म्हातारे मुस्लिम शेतकरी उठले. आत्याच्या नाल्यापलीकडेच त्यांचं वावर होतं. म्हणाले, "साहेब, हवा तर सगळ्यायसाठीच वाढन ना? मंग तणालेही भेटन ते खत?"

लोक हसले. मला आजही वाटतं, त्या दिवशीचा त्या मांडवातला सर्वांत शास्त्रीय प्रश्न तो होता. वक्त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. ते माइक घेऊन पहिल्या रांगेपर्यंत खाली आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यात विज्ञानाच्या मॅडम बसल्या आहेत. मॅडम, कार्बन डाय-ऑक्साइड हे वनस्पतीचं अन्न आहे, बरोबर? सोयाबीनला त्याचा फायदा होतो, बरोबर?"

मी म्हटलं, "हो, बरोबर."

कर्ण्यातून माझाच आवाज माझ्यापर्यंत परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पदर सारखा केला.

परतताना एसटीत तिनं एकदाच विचारलं. "खरं हाय ना वं?"

"खरं आहे."

"तू म्हनतं म्हून."

आत्याचं चार एकर कसं पेरलं जाई हे सांगायला हवं. सोयाबीनच्या सहा ओळी आणि एक तुरीची, पुन्हा सहा आणि एक. ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. तुरीचं तास ही तिची सवय आजोबांपासूनची. सोयाबीन लवकर निघून जातं, तूर मागं उभी राहते, खोल मुळानं खालचं पाणी पिते, आणि पावसानं दगा दिला तरी हाताला काहीतरी लागतं. त्या जूनमध्ये तिनं तूर पेरलीच नाही. ओळी इतक्या जवळ घेतल्या की पुढं तण काढायला डवरा फिरवायलाही जागा उरली नाही. मी पेरणीच्या दिवशी गेले होते. तिफण हाकणाऱ्यानं विचारलं, "तुरी कोठी हायेत, बाई?" आत्या म्हणाली, "यंदा सोयाबीनले हवा खायची हाय. त्याले जागा देऊ दे." कीड लागू नये म्हणून राखेत घातलेली तुरीच्या बियाण्याची पिशवी तिनं घरीच ठेवली होती.

आता हे लिहिताना मला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते. माझ्या घरी पदवीच्या काळातलं जाडजूड पुस्तक होतं. त्यात तो भाग होता. वक्ते बोलले ते पानाच्या वरच्या अर्ध्या भागात होतं आणि उरलेलं खालच्या अर्ध्या भागात, आणि मी ते दोन्ही वाचलेलं होतं. मी विसरले होते असंही नाही. बांधावर उभी राहून मी चहा प्यायले आणि आत्याला म्हणाले की पेरणी छान झाली.

आषाढ-श्रावणात पाऊस लागून राहिला. सोयाबीन चढू लागलं. गुडघ्याला आलं, मांडीला आलं, कमरेला आलं. लोक जाता-येता थांबून पाहायचे. मोठे बाबाही एकदा बांधापर्यंत येऊन गेले आणि काही न बोलता परतले, ही आत्याच्या दृष्टीनं फार मोठी पावती होती. तिनं मला फोनवर सांगितलं, "तुह्या हवेनं कमाल केली वं." मी ते स्टाफरूममध्ये सांगितलं.

पोळ्याला मी गावी गेले. बैलांची पूजा आटोपून आम्ही दोघी वावरात गेलो. आत्यानं ओळीत हात घालून एक झाड आडवं केलं, मग दुसरं, मग चार पावलं पुढं जाऊन तिसरं. पानांखाली दमट कुबट वास येत होता, वारा शिरत नव्हता, आणि पानं खाणाऱ्या अळ्या वरून दिसतही नव्हत्या अशा आत मजेत बसल्या होत्या. फुलं होती. शेंग धरायची तेवढी धरली नव्हती.

"माजलं," आत्या म्हणाली.

त्यानंतर पाऊस गेला. भाद्रपदाचं ऊन आमच्याकडे चैत्राला लाजवतं. ऐन दाणा भरायच्या वेळी जमीन भेगाळली. एवढ्या पानांना पाजायला पाणी कुठून आणायचं? फुलं गळाली, चिमुकल्या शेंगा गळाल्या. पानं मात्र बराच काळ हिरवीगार राहिली.

मी शास्त्राची शिक्षिका आहे, म्हणून एक गोष्ट रागातसुद्धा प्रामाणिकपणे सांगते. त्या वर्षीचं माजणं हवेतल्या कार्बनमुळे झालं असं मला म्हणता येणार नाही. हवा काही एका वर्षात बदलत नाही. ते दाट पेरणीनं झालं, लागून राहिलेल्या पावसानं झालं, मग उघडिपीनं मारलं. कार्बननं सोयाबीनला फायदा होतो हेही खरं आहे. पानाला बारीक तोंडं असतात, हवेत कार्बन भरपूर असला की झाडाला ती फार उघडावी लागत नाहीत, पाणी वाचतं, दाणाही वाढतो. पण हे जिथं पाणी वेळेवर आहे आणि ऊन बेताचं आहे तिथलं. ज्या धुरानं हवेतला कार्बन वाढतो त्याच धुरानं ऊनही वाढतं आणि पाऊस लहरी होतो, हे काय त्या वक्त्यांना माहीत नव्हतं? एका हातानं पानं देणारा दुसऱ्या हातानं फुलं काढून घेतो, आणि मांडवात येऊन फक्त पहिल्या हाताचं सांगायचं! वर बियाणं जास्त खपवायचं! मला त्यांच्या अज्ञानाचा राग आला असता तर तो एव्हाना गेला असता.

आश्विन लागायच्या आधी पिकाची पाहणी करणारी सरकारी गाडी आली. गावात पीक कसं आहे ते डोळ्यांनी पाहून लिहायची पद्धत असते. साहेब रस्त्यावर थांबले, काच खाली केली, म्हणाले, वा, काय पीक आहे. आत्या वावरातून धावत आली.

"साहेब, खाली उतरा. झाड आडवं करून पाहा. माजेल हाय ते."

"मावशी, एवढं हिरवं दिसतंय, ते काय खोटं आहे?"

"हिरवं खरं हाय. शेंगा नाईत."

साहेबांच्या कागदावर तीनच रकाने होते. उत्तम, मध्यम, कमी. 'माजलं' असा रकाना नव्हता, आणि खाली उतरायचं तर बूट चिखलानं नाही, नुसत्या धुळीनं भरले असते, तेवढेही त्यांनी भरू दिले नाहीत. त्यांनी उत्तम लिहिलं. आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी इतकी संतापले की दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं साधा प्रश्न विचारला तर तिच्यावर ओरडले.

मळणी झाली तेव्हा कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग माणसाच्या डोक्यावर गेला आणि दाणे कोपऱ्यात बसले. नाल्यापलीकडच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचं सोयाबीनही फारसं झालं नव्हतं. पण त्यांच्या वावरात तुरीची तासं उभी होती आणि त्यांना पिवळी फुलं येत होती. आत्या रोज बांधावरून ती पाहायची.

दिवाळीनंतर मोठ्या बाबांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. ते आवाज चढवून बोलले नाहीत. "ग्रामपंचायतीत लिहेल हाय, गावाचं पीक उत्तम. मंग तुह्याच वावरात काऊन नाई झालं, बाई?"

आत्यानं सांगितलं की कोणाच्याच वावरात झालं नाही. ते म्हणाले, कागद काय खोटं बोलते काय.

मग मी बोलले. मी म्हटलं, चूक तिची नाही, माझी आहे. मेळाव्यात मी हो म्हटलं, म्हणून तिनं तूर वगळली, म्हणून दाट पेरलं. माझ्या पुस्तकातलं त्यापुढचं, खालचं अर्धं पानही मला माहीत होतं, मी सांगितलं नाही.

मोठ्या बाबांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "तू आत्याले वाचवून राह्यली, चांगलं हाय. पर तू शिकेल-सवरेल. तुह्यी चूक कशी होईन? वावर तर हिनंच पेरलं ना."

माझ्या आयुष्यात माझ्या शिक्षणाचा इतका मान कोणी केला नव्हता आणि मला त्याची इतकी घृणाही कधी आली नव्हती. मी भांडले. खूप भांडले. साहेबांना शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, मोठ्या बाबांनाही ऐकवलं. गुढीपाडव्याला शेजारचा बागायतदार नारळ घेऊन आला आणि चार एकर ठोक्यानं गेलं.

ज्येष्ठात, लोक पेरणीची तयारी करत होते त्या दिवसांत, आत्या एसटीनं मेहकरला माझ्याकडे आली. हातात कापडी पिशवी होती. चहा झाला. मग ती म्हणाली, "ते पुस्तक काढ. त्या पानावर खाली काय लिहेल हाय ते वाचून दाखव."

मी माळ्यावरून पुस्तक काढलं. इंग्रजीतलं एकेक वाक्य वाचत मराठीत सांगत गेले. फायदा पाणी वेळेवर मिळालं तरच.

"हे मले माहीत होतं," आत्या म्हणाली.

ऐन फुलोऱ्यात ऊन तापलं तर फुलं गळतात आणि फायदा जातो.

"हेही माहीत होतं."

तणंही त्याच हवेवर वाढतात.

"ते तर नाल्यापल्याडच्या बाबानं मांडवातच म्हटलं होतं."

पानांचा पसारा फार वाढला तर झाड जास्त पाणी पितं, आणि दाण्याकडे कमी जातं.

"माजते," आत्या म्हणाली. "समदं मले माहीत होतं वं. आन् तुलेही माहीत होतं. मंग तू हो काऊन म्हटलं?"

मी पुस्तक मिटलं. कंपनी, साहेब, मोठे बाबा, कोणाचंही नाव घेता आलं असतं. इतके महिने मी तेच घेत आले होते.

"त्यांनी मला मॅडम म्हटलं होतं, आत्या."

ती उठली, कापडी पिशवीची गाठ सोडली आणि ती माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलटी केली. तूर होती. राखेत राखून ठेवलेली, गेल्या वर्षी न पेरलेली, बियाण्याची तूर.

"घे मॅडम," ती म्हणाली. "राख धून घेजो. वरनाले होईन."